पहाटे तीनचा पाहुणा

आमच्या नात्यागोत्यात मला संगणकातलं बरंच काही कळतं असा एक समज पसरलेला आहे. तो कुणी पसरवला ते ठाऊक नाही, पण निवृत्तीनंतर मी ब्लॉग लिहायला लागले तेव्हापासून तो पक्का झाला. त्यामुळे सणासुदीला मंडळी जमली की श्रीखंडाची वाटी पुढे करता करता कुणीतरी हळूच विचारतंच, "आत्या, ते विंडोजचं अपडेट कायमचं बंद कसं करायचं?" हा प्रश्न मला भाच्यांनी विचारलाय, धाकट्या जावेनं विचारलाय, आणि आमच्या सोसायटीचे हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थांनी तर दोनदा विचारलाय. तक्रार सगळ्यांची तीच. ऐन घाईत मशीन टक्के मोजत बसतं, आणि मागे न दिसणारे वीस-पंचवीस प्रोग्रॅम चालू असतात ते वेगळेच.

युक्ती आहे, दोन ओळींत सांगताही येईल. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला दोन ओळींत उत्तर द्यायची सवय नसते! शिवाय या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या करंजाड्यापासून फार दूर नसलेल्या एका ठिकाणी, २०१७ सालच्या जून महिन्यात, भलतंच महागात मिळालेलं आहे. तिथवर पोचायचं तर जरा मागून निघायला हवं.

सुरुवातीचे पीसी एका वेळी एकच काम करत. डॉसच्या काळात एक प्रोग्रॅम बंद केल्याशिवाय दुसरा उघडत नसे. त्यातून पळवाट काढली ती मेमरीत दबा धरून राहणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांनी. १९८४ साली बोरलँड कंपनीनं आणलेला 'साइडकिक' हा त्यांतला गाजलेला. काम संपलं तरी तो जायचा नाही, आत बसून राहायचा आणि ठरावीक बटणं दाबली की पुढे यायचा. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमांचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. पुढे विंडोज ९५ आलं आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी एक छोटी ओसरीच तयार झाली. तिथे येऊन बसायचं कुणी, याला काही धरबंध राहिला नाही. प्रिंटरवाला आला, मोडेमवाला आला, गाणी वाजवणारा आला, आणि प्रत्येकाला वाटायचं की मशीन सुरू होताक्षणी आपण हजर असलंच पाहिजे. लग्नघरी काही पाहुणे अक्षता पडल्यावरही चार दिवस राहतात ना, तसं.

दुरुस्त्यांचं मात्र तेव्हा फार सोपं होतं, म्हणजे त्या बहुधा येतच नसत. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली तर ती दुरुस्त करणारी फ्लॉपी किंवा सीडी कुणीतरी आणून देईल तेव्हा खरं. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते विदेश संचार निगमनं, १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, विंडोज ९८ बरोबर 'विंडोज अपडेट' नावाचं संकेतस्थळ आलं. पण तिथे आपण जायचं, यादी बघायची, हवं ते उतरवून घ्यायचं. दुकानात जाऊन वाणसामान आणण्यासारखं. मग महत्त्वाची दुरुस्ती आल्यावर सांगणारा एक निरोप्या मशीनमध्ये बसवला गेला. २००० साली विंडोज एमईमध्ये निरोप्या स्वतःच सामान आणायला लागला, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीत तो चांगला स्थिरावला.

एक्सपीबरोबर आलेली एक सोय मला आजही आवडते. तुम्ही काम करत असताना जी लाइन रिकामी पडलेली असते तेवढीच वापरून, तुकड्यातुकड्यानं अपडेट उतरवायचं. मध्येच फोन कट झाला तर राहिलं तिथून पुढे. डायल-अपच्या त्या खरखरत्या दिवसांत यापेक्षा शहाणं काय असणार? आणि बसवण्याची आपोआप ठरलेली वेळ होती पहाटे तीन. घरात सगळे झोपलेले असताना येऊन, काम करून, आवाज न करता निघून जाणारा पाहुणा! पुढे २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, त्यातल्या एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवा, पैसे पडत नसत. दिवसा मात्र एमबी मोजून. त्या काळात अलार्म लावून दोनला उठणारी आणि आठच्या आत सगळं आटपणारी पोरं मी पाहिली आहेत. तीनच्या पाहुण्याचा मुहूर्त त्यात नेमका बसत होता, हा शुद्ध योगायोग.

पण एक्सपीत तुम्हाला विचारलं जायचं. आपोआप घेऊ का, नुसतं सांगू, की काहीच नको? बहुतेकांनी काहीच नको म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही. त्याचे परिणाम लवकरच दिसले. २५ जानेवारी २००३ ला 'स्लॅमर' नावाचा किडा काही मिनिटांत जगभर पसरला. त्याला अडवणारी दुरुस्ती सहा महिने आधीच आलेली होती. मग ११ ऑगस्टला आला 'ब्लास्टर'. याची दुरुस्ती १६ जुलैला, म्हणजे चार आठवडेच आधी निघालेली. ज्यांच्याकडे तेव्हा एक्सपी होतं त्यांना ती खिडकी आठवत असेल... मशीन साठ सेकंदांत बंद होणार म्हणून उलटी मोजणी सुरू व्हायची आणि आपण हातातलं काम वाचवायला धडपडायचो. ब्लास्टरचा खरा डाव पुढेच होता. लागण झालेल्या सगळ्या मशीननी १६ ऑगस्टला एकदम मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या पत्त्यावर तुटून पडायचं! रोग्यांनीच दवाखान्याला घेराव घालायचा, म्हणजे औषध कुणालाच मिळायला नको. मायक्रोसॉफ्टनं तो पत्ताच बंद करून वेळ मारून नेली.

आणि आठवड्याभरात एक अजब प्रकार घडला. 'वेल्चिया' नावाचा दुसरा किडा निघाला. तो मशीनमध्ये घुसायचा, ब्लास्टरला हाकलायचा, आणि मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती स्वतः उतरवून बसवायचा! कुणा परोपकारी माणसाचं काम असावं. पण या परोपकारानं इतकी जाळी तुंबली की मूळ रोग बरा म्हणायची पाळी आली. घरमालकाला न विचारता केलेलं चांगलं काम म्हणजे काय, याचं याहून चोख उदाहरण मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टनं दुरुस्त्यांचा वार ठरवला. महिन्याचा दुसरा मंगळवार. (आपण अंगारकीची वाट बघतो, त्यांची दर महिन्याला असते.) अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. म्हणजे आपल्यासाठी तो बुधवारच. हे सांगायचं कारण असं की बुधवार चोरांचाही असतो. दुरुस्ती जाहीर झाली की ती उलगडून भोक नेमकं कुठे होतं ते हुडकायचं आणि ज्यांनी अजून बुजवलेलं नाही त्यांच्याकडे जायचं. अपडेट निघणं ही एका अर्थानं दवंडीच. इथे भिंत कच्ची होती हो, असं सगळ्या गावाला सांगणारी.

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, सुमारे २६६ एमबीचा. डायल-अपवर तो उतरवणं म्हणजे द्रोणागिरी उचलणं, त्यामुळे आपल्याकडे तो घरोघरी गेला तो बराचसा मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीड्यांतून आणि या कपाटातून त्या कपाटात. त्यानं तटबंदी पहिल्यापासूनच चालू ठेवली, आणि स्वयंचलित अपडेट बंद ठेवलंत तर कोपऱ्यात लाल ढाल दाखवून टोचायला सुरुवात केली.

इथे आपल्याकडचं एक खास दुखणं होतं, त्यावर कुणी फारसं बोलत नाही. त्या काळात गल्लीतल्या दुकानातून जोडून घेतलेल्या कितीतरी पीसींवरची विंडोज विकतची नव्हतीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग आणायचे, आणि विंडोज दुकानदार 'टाकून' द्यायचा. २००५-०६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं खऱ्याखोट्याची तपासणी सुरू केली आणि ती करणारा प्रोग्रॅम पाठवला तो अपडेटच्या वाटेनंच, महत्त्वाची दुरुस्ती म्हणून. तो रोज कंपनीशी गुपचूप बोलतो हे २००६ च्या जूनमध्ये उघड झालं तेव्हा अमेरिकेतही गदारोळ झाला. आपल्याकडे गदारोळ झाला नाही. आपण शांतपणे अपडेट बंद केलं. औषधवाल्याच्या पिशवीतून कर वसूल करणारा बाहेर आला, मग लोकांनी दाराला आतून कडी घातली, यात नवल ते काय? चोरीचा माल वापरणं योग्य असं मी म्हणत नाही. पण कंपनीनं एकाच दारातून दोन्ही माणसं पाठवली आणि त्या दाराची पत घालवली, हेही तितकंच खरं.

त्याची किंमत २००८ मध्ये दिसली. २३ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं मंगळवारची वाट न बघता एक तातडीची दुरुस्ती काढली. नोव्हेंबरात 'कॉनफिकर' आला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो मशीनमध्ये शिरला. भारत, ब्राझील, चीन, व्हिएतनाम... जिथे जिथे कड्या घातलेल्या होत्या तिथे तो विशेष रमला. आमच्याकडे तो पेनड्राइव्हवर बसूनही फिरत असे, सायबर कॅफेतून घरी आणि घरून शाळेत. आत गेल्यावर त्याचं पहिलं काम काय? अपडेटची यंत्रणा बंद पाडायची आणि अँटीव्हायरसवाल्यांच्या संकेतस्थळांकडे जाणारी वाट अडवायची. जे मालकानं करायचं तेच चोर करत होता!

अपडेटची नुसती निंदा करू नये म्हणून एक गोड आठवणही नोंदवते. १५ जुलै २०१० ला सरकारनं रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं. ते संगणकावर उमटायचं कसं? २०११ मध्ये ते विंडोजच्या अपडेटमधून आलं. न बोलावता आलेल्या पाहुण्यानं जाताना उंबऱ्यावर रुपया ठेवून जावं, अगदी तसं.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं आणि घरगुती वापरकर्त्याला विचारणं जवळजवळ थांबलं. अपडेट येणारच, कधी ते तुम्ही थोडंफार ठरवा. त्याआधीच जुन्या विंडोजवर 'नवी घ्या' म्हणून मागे लागणारा एक प्रोग्रॅम अपडेटमधूनच घुसवलेला होता. २०१६ मध्ये तर त्याच्या खिडकीवरची फुली दाबली तरी तो 'होकार' धरायचा. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंचं व्यवसायाचं मशीन अशा अपडेटमुळे बिघडलं, त्या कोर्टात गेल्या आणि १०,००० डॉलर वसूल करून आल्या. मनात म्हटलं, शाब्बास!

आता जरा शंभर वर्षं मागे जाऊ. ओढूनताणून वाटलं तर वाटू दे, पण हे डोक्यातून जात नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्याला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा आपण पाहिल्या. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं सोल्जर घराघरांत घुसवले, देवघरापर्यंत. हेतू रोग आवरण्याचाच होता, रोगही खरा होता. पण उंबरा ओलांडण्याची रीत अशी की २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी मुंबईत भायखळ्याला वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग ज्याला पटेल तो पुढे येऊ दे. लोक आले, हजारोंनी आले.

गोष्ट इथेच संपली असती तर मी आनंदानं म्हटलं असतं, हाफकिनसारखं वागा, रँडसारखं नको. पण ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वातानं गेले. सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले. बाटलीचा क्रमांक ५३ एन. हाफकिनवर ठपका आला, त्याला पदावरून बाजूला केलं गेलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. दोष लशीत नव्हता. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, असं पुढे दिसून आलं. लस चांगली, शोधणारा प्रामाणिक, टोचून घेणारे स्वखुशीनं आलेले. घात झाला तो बाटली आणि दंड यांच्यामधल्या वाटेवर.

२०१७ हे साल या दोन्ही गोष्टी एकदम घेऊन आलं.

१२ मे २०१७, शुक्रवार. 'वॉनाक्राय' नावाच्या किड्यानं दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक मशीनमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयं ठप्प झाली. आपल्याकडे आंध्रातली पोलीस ठाणी, केरळातल्या पंचायतींची कार्यालयं सापडली. रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की अपडेट झाल्याशिवाय एटीएम चालवू नका. आणि दुरुस्ती? ती १४ मार्चला, दोन महिने आधी, येऊन पडली होती. सापडलेल्यांत बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांना ती फुकट, आपोआप मिळू शकत होती अशी. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एकच उपदेश चालला होता: अपडेट करा, अपडेट करा. योग्यच होता.

सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ ला, तो उपदेश तोंडावर आपटला.

युक्रेनची राजधानी कीव्ह. तिथे एका छोट्या कंपनीचं 'एम.ई.डॉक' नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं. त्या देशात कर भरायचा, विवरणपत्रं पाठवायची तर बहुतेक कंपन्यांकडे ते असायचंच. आपल्याकडच्या टॅलीची आठवण व्हावी असं. त्यालाही अधूनमधून अपडेट यायचं, आपोआप, मागच्या मागे, कुणाला त्रास न देता. हल्लेखोर त्या कंपनीच्या अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरमध्येच शिरून बसले होते. कित्येक आठवडे ते गप्प होते. युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या वाटेनं 'नॉटपेट्या' सोडला. ज्यांनी कुठल्याही भलत्या चिठ्ठीवर क्लिक केलं नव्हतं, ज्यांचं अपडेट शिस्तीत चालू होतं, त्यांच्याच घरात तो आधी आला. ५३ एन क्रमांकाची बाटली! फरक एवढाच की मुलकोवालला चिमटा हातातून पडला, इथे जाणूनबुजून घाण कालवली.

एकदा आत आल्यावर त्याच्याकडे दोन किल्ल्या होत्या. एक वॉनाक्रायचीच, न बुजवलेल्या भोकाची. दुसरी जास्त वाईट. मशीनच्या मेमरीत राहिलेले पासवर्ड तो उचलायचा आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या मशीनमध्ये राजरोस शिरायचा. त्यामुळे शेजारचं मशीन अपडेट केलेलं असलं तरी वाचत नसे. खंडणीचं नाटक होतं, पण पैसे भरून फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. नुसता विध्वंस. पुढे अमेरिका आणि ब्रिटननं रशियाच्या लष्करावर याचा आरोप ठेवला, आणि २०२० मध्ये अमेरिकेनं त्यांच्या सहा अधिकाऱ्यांवर खटलाही भरला.

डेन्मार्कच्या मर्स्क या प्रचंड जहाज कंपनीच्या ओडेसा इथल्या कार्यालयात एका मशीनवर एम.ई.डॉक बसवलेलं होतं. एका! तेवढं पुरलं. तिथून तो कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात गेला आणि तिची ७६ पैकी १७ बंदरं-टर्मिनल अडखळली. त्यांत एक होतं आपलं न्हावाशेवा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पळस्पे फाट्याहून उरणकडे जाणारा रस्ता आमच्या बाजूनंच जातो आणि त्यावरून रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर जातात. ते जातात जवाहरलाल नेहरू बंदराकडे, म्हणजे १९८९ साली सुरू झालेल्या जेएनपीटीकडे. तिथलं गेटवे टर्मिनल्स हे मर्स्क समूहाच्या कंपनीचं आणि आपल्या सरकारी कंटेनर कॉर्पोरेशनचं भागीदारीतलं, वर्षाला १८ लाख पेट्या हाताळू शकणारं. २७ जूनला तिथले संगणक गेले. क्रेन जागच्या जागी धडधाकट होत्या, माणसं होती, जहाजं होती. पण कुठली पेटी कुणाची आणि ती कुठे ठेवली आहे, हे सांगणारं कुणी उरलं नाही. एकसारख्या दिसणाऱ्या लोखंडी पेट्यांचा डोंगर आणि त्याची वही हरवलेली! पुढचे काही दिवस हातानं नोंदी करून काम रेटावं लागलं. साचलेला माल आणि ट्रेलर ठेवायला बंदराला जागा काढून द्यावी लागली. नाशिकची द्राक्षं असोत की औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांचे सुटे भाग, परदेशी जायचं तर वाट याच बंदरातून. कीव्हमधल्या कुणा हिशेबनिसाच्या मशीनवर मागच्या मागे चालणारा एक छोटा प्रोग्रॅम, आणि उरण तालुक्यातली क्रेन थांबते. भूगोलाच्या तासाला हे सांगितलं असतं तर पोरं हसली असती.

मर्स्कनं पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्यानं उभे केले. कंपनीचे अध्यक्षच हे जानेवारी २०१८ मध्ये दावोसला बोलले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं. पण त्या उभारणीतली एक गोष्ट मला सगळ्यांत आवडते. जाळ्यातल्या सगळ्या मशीनची ओळख सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवत. त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. कुठेही शिल्लक प्रत सापडेना. शेवटी आफ्रिकेतल्या घानामध्ये एक सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती! तिथली लाइन इतकी मंद की एवढा मजकूर पाठवता येईना, आणि तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकानं ती डिस्क नायजेरियाला नेली, तिथून दुसऱ्यानं विमानानं लंडनला. एवढी मोठी कंपनी वाचली ती लोडशेडिंगच्या कृपेनं. आपल्याकडे तर या गोष्टीला टाळ्याच पडायला हव्यात.

नॉटपेट्यात वाट दूषित करणारा शत्रू होता. पण शत्रूचीही गरज नसते, हे १९ जुलै २०२४ ला कळलं. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीचा प्रोग्रॅम मोठमोठ्या कंपन्यांच्या मशीनवर मागे चालू असतो, पहारेकऱ्यासारखा. त्या दिवशी आपल्याकडचे सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटं झालेली असताना त्याला एक सदोष अपडेट गेलं आणि जगातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर जाऊन पडली. मुंबईसह आपल्या विमानतळांवर रांगा लागल्या, इंडिगोनं बोर्डिंग पास चक्क हातानं लिहून दिले. (कित्येकांनी त्याचे फोटो टाकले. अक्षर बरं होतं.) कंपनीनं ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतलं, पण पडलेली मशीन एकेक करून हातानं उठवावी लागली. त्या ७८ मिनिटांत जी बंद होती ती वाचली. पुन्हा घानाच!

मग करायचं काय? बंद करू का, या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असंच आहे. स्लॅमरपासून वॉनाक्रायपर्यंतचा हिशेब मांडला तर अपडेट न घेतल्यानं बुडालेले कितीतरी जास्त भरतात. शिवाय विंडोज १० नंतर ते सर्व्हिसमध्ये जाऊन बंद केलं तरी आतला एक रखवालदार त्याला पुन्हा उठवतो. त्या झटापटीत वेळ घालवू नये. पण पाहुण्याची वेळ आपण ठरवावी. सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' म्हणून आहे, २०१६ पासून. तिथे आपल्या कामाचे तास भरले की त्या वेळात मशीन आपोआप बंद-चालू होत नाही. ऐच्छिक आणि आगाऊ म्हणून जी अपडेट दाखवतात ती घरच्या माणसानं घेऊ नयेत. आणि महिन्याचं अपडेट आल्या दिवशीच न घेता आठवडाभर थांबवावं, तेवढी सोय आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका मोठ्या अपडेटनं काही जणांच्या फायलीच उडवल्या होत्या, तेव्हा थांबलेले वाचले. त्याहून जास्त मात्र थांबू नये. बुधवारचे चोर आठवावेत.

ओसरीवरच्या पाहुण्यांबाबत मी जास्त कडक आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'स्टार्टअप'ची यादी आहे. अँटीव्हायरस आणि टचपॅड-आवाज यांची नावं सोडून जे ओळखीचं नाही किंवा रोज लागत नाही ते 'डिसेबल' करा. प्रोग्रॅम जात नाही, फक्त न बोलावता यायचा थांबतो. आणि जो गेल्या वर्षभरात उघडलेलाच नाही तो काढूनच टाका. एम.ई.डॉक मर्स्कच्या एकाच मशीनवर होतं, हे विसरू नका. प्रत्येक प्रोग्रॅम अपडेटसाठी स्वतःचं एक दार ठेवतो, आणि ते दार किती मजबूत आहे ते आपल्याला दिसत नाही. दारं कमी करणं एवढंच आपल्या हातात.

विंडोज १० वाल्या भाचेमंडळींसाठी वेगळी सूचना. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. (आमच्या शेजारच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबरला झालं, त्या गडबडीत बऱ्याच जणांच्या हे लक्षातच आलं नाही.) ज्यांचं मशीन विंडोज ११ घेऊ शकत नाही त्यांनी अपडेटच्या पानावर जाऊन वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवावं. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. नाव न नोंदवता 'आता अपडेटचा त्रास गेला' म्हणून खूश असणारे दोघे जण आपल्या कुटुंबात आहेत. त्यांनी हे आपल्यासाठीच आहे असं समजावं.

राहिले सोसायटीचे हिशेबवाले. त्यांना मी दुसऱ्यांदा विचारल्यावर एवढंच सांगितलं की अपडेट चालू ठेवा, पण दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी मेंटेनन्सचे सगळे हिशेब एका डिस्कवर उतरवून घ्या, डिस्कची वायर काढा आणि ती कार्यालयाच्या लोखंडी कपाटात, पावतीपुस्तकांच्या वरच्या कप्प्यात ठेवा. त्यांनी डिस्कवर स्केच पेननं 'घाना' असं लिहिलंय. नवीन सेक्रेटरी विचारत होते, हे काय म्हणून.